निकाल राखून ठेवला आहे



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. शाळेच्या आठवणी सांगायच्या नाहीत, त्या रात्री जेवणानंतर निघणारच आहेत. ‘पोरांच्या उपयोगाचं काहीतरी बोल,’ असं मला बजावलंय. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. कालपासून तिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : ‘अगं, ते डिफर्ड म्हणजे नक्की काय? गेलं का?’

आपल्या बॅचची बरीच मुलं आता अकरावी-बारावीत आहेत. कुणाची न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढली. कुणाची पुण्या-मुंबईत राहून अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतात. डिसेंबरच्या मध्यावर तिथल्या लवकरच्या फेरीचे निकाल लागतात. म्हणजे आत्ता या मांडवात बसलेल्या काही जणांच्या घरी गेल्या पंधरा दिवसांत ते पत्र आलेलं आहे. त्यामुळे आज त्याच पत्राबद्दल बोलते. मी शिक्षणसल्लागार नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी यातून गेली आणि त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या पाच-सहा मुलांचे अर्ज मी जवळून पाहिले. तेवढ्या अनुभवावर बोलणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ज्यांची मुलं या वाटेला गेलेली नाहीत त्यांनाही कळायला हवं.

आपण बारावी झालो तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश पीसीएमच्या गुणांवर व्हायचा. यादी लागायची, फ्री सीट, पेमेंट सीट, कट-ऑफ. शेवटचा मुलगा किती गुणांवर आत गेला हे सगळ्या गावाला माहीत असायचं. एका गुणानं हुकलं तर एका गुणानंच हुकलं. रडायला का होईना, कारण समोर असायचं. अमेरिकेत तशी यादीच नसते. गुण बघतात, अगदी बारकाईनं बघतात, पण त्याबरोबर मुलानं शाळेत उपलब्ध असलेले कठीण विषय घेतले का, निबंधात काय लिहिलंय, शिक्षक काय म्हणतात, शाळेबाहेरचा वेळ कशात जातो, हे सगळं एकत्र ठेवून माणसं चर्चा करून ठरवतात. शिवाय त्यांना एक पूर्ण वर्ग उभा करायचा असतो : वेगवेगळ्या राज्यांतली, देशांतली, वेगवेगळ्या शाखांना जाणारी मुलं. त्यामुळे ‘माझ्या मुलीला कशानं नाकारलं?’ या प्रश्नाला कट-ऑफसारखं उत्तर कधीच मिळत नाही. आपल्या पिढीच्या आईवडलांना सगळ्यात जड जातं ते हे.

आता फेऱ्या. साधारण १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा आणि डिसेंबरच्या मध्याला उत्तर घ्यायचं, ही लवकरची फेरी. तिचे मुख्य दोन प्रकार. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये प्रवेश मिळाला तरी जायचं बंधन नसतं. ‘अर्ली डिसिजन’मध्ये असतं, मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असं मूल, पालक आणि शाळा तिघंही लिहून देतात. नेहमीच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. तिचा निकाल मार्चअखेर, आणि कुठे जाणार हे कळवायची सर्वसाधारण तारीख १ मे.

लवकरच्या फेरीत तीन उत्तरं येऊ शकतात. हो, नाही, आणि तिसरं हे ‘डिफर्ड’. म्हणजे तुमचा अर्ज आम्ही आत्ता ठरवत नाही, नेहमीच्या फेरीत इतर सगळ्या अर्जांबरोबर पुन्हा वाचू. हे आणि मार्चमधली ‘वेटलिस्ट’ यांत लोक गल्लत करतात. आपल्या रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर डिफर्ड म्हणजे चार्ट अजून लागायचा आहे. वेटलिस्ट म्हणजे चार्ट लागला, तुमचं नाव त्यात नाही, आता कुणी तिकीट रद्द केलं तर बघू. दोन्हींत वाट बघणंच आहे, पण पहिल्यात तुमचा अर्ज पुन्हा एकदा पूर्ण वाचला जाणार असतो.

आमच्याकडे हे पत्र आलं तेव्हा सांगलीला माझ्या सासूबाईंना फोन लावला. मुलीनंच सांगितलं, ‘आजी, निकाल राखून ठेवलाय.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग हळू आवाजात, ‘राखून ठेवला म्हणजे? काही कॉपीबिपीचं नाही ना गं?’ आपल्याकडे बोर्डाचा निकाल राखून ठेवला की लोक तसाच अर्थ काढतात. मुलगी त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली ती तेव्हा. म्हणाली, ‘नाही गं आजी, पेपर परत तपासणार आहेत, बाकीच्यांच्या पेपरांबरोबर.’ यापेक्षा सोपी व्याख्या मला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडलेली नाही.

विद्यापीठं असं का करतात? नोव्हेंबरात त्यांच्या हातात सगळे अर्ज नसतात. चांगलं मूल समोर आहे, पण जानेवारीत त्याच्यासारखी किती येणार आहेत हे ठाऊक नाही. कधी त्यांना बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण बघायचे असतात. काही विद्यापीठं पहिल्या फेरीत बहुतेकांना सरळ हो किंवा नाही सांगून मोकळी होतात आणि अगदी थोड्यांना पुढे ढकलतात. काही मात्र मोठ्या संख्येनं ढकलतात. म्हणून पत्र आलं की पहिलं हे बघा की आपलं विद्यापीठ कोणत्या प्रकारचं आहे. बरीच विद्यापीठं आपल्या प्रवेशाच्या पानावर किंवा त्या पत्राबरोबरच्या माहितीत स्वतःच ते सांगतात. मोठ्या संख्येनं ढकलत असतील तर पुढे आत जाण्याची आशा बेतानंच धरावी. मुलाला खोटी आशाही देऊ नका आणि त्याच्या अंगावर पांढरी चादरही ओढू नका.

आता मुख्य गोष्ट. डिफरल आल्यावर घरातलं सगळं लक्ष त्या एका विद्यापीठाकडे जातं. त्यांना काय पाठवू, कुणाला फोन करू, कुणाची ओळख निघते का. माझं सांगणं असं की पहिले दहा दिवस त्या विद्यापीठाला विसरा. त्या दहा दिवसांत प्रवेशाची शक्यता सर्वांत जास्त वाढते ती बाकीच्या अर्जांमुळे.

हिशोब साधा आहे. उत्तर येतं १५ डिसेंबरच्या आसपास. बाकीच्यांची मुदत १ ते ५ जानेवारी. मध्ये नाताळची सुट्टी, तेव्हा शाळा बंद, शिक्षक गावाला, काउन्सेलरही भेटत नाहीत. हातात खरे कामाचे दिवस किती? सुट्टीपूर्वी शाळेचे चार-पाच आणि घरचे दहा. ते दिवस मूल खोलीत पडून छताकडे बघण्यात घालवू शकतं. पहिली रात्र घालवू दे, दुसरी सकाळही घालवू दे. त्या वेळात सल्ला देऊ नका, आवडीचं करून वाढा. पण नंतर उठवा.

आमच्याकडे जे झालं ते सांगते. मुलीला पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची होती. लवकरच्या फेरीत तिनं एका खासगी विद्यापीठाला अर्ली डिसिजनमध्ये अर्ज केला होता. डिफर झाल्यावर एक गोष्ट आम्ही काउन्सेलरकडून पक्की करून घेतली : डिफर झालं की ते बंधन सुटतं. पुढे मार्चमध्ये त्यांनी हो म्हटलं तरी जायलाच हवं असं नाही, आणि इतर ठिकाणची आर्थिक मदत समोर ठेवून तुलना करता येते. हे अनेक पालकांना माहीत नसतं, आणि खर्चाचा विचार करणाऱ्या घराला ती लहान गोष्ट नाही.

मग यादी समोर घेतली. सहा अर्ज बाकी होते. त्यातले दोन तिनं ‘ते पहिलं होईलच’ या भरवशावर अर्धवट ठेवले होते. एक होतं आमच्याच राज्याचं विद्यापीठ. त्याचा निबंध वाचला तर कुठल्याही विद्यापीठाचं नाव घालून चालला असता. तिनं तो मोडून नव्यानं लिहिला. कोणता अभ्यासक्रम आहे, कोणत्या प्रयोगशाळेत नदीनाल्यांच्या पाण्यावर काम चालतं, तिथे आपल्याला काय करायचंय, असं सगळं नावानिशी. तीन संध्याकाळी गेल्या. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ती काउन्सेलरना भेटली आणि कोणत्या ठिकाणी कोणती कागदपत्रं गेली, कोणती राहिली, हे टिपून आली. मी इंजिनिअर असल्यामुळे मला तक्ता करायचा मोह होताच. तो तिनं माझ्याआधी करून भिंतीवर लावला होता.

या दहा दिवसांत आणखी दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिला, ‘अर्ली डिसिजन टू’ घ्यायचं का? काही विद्यापीठं जानेवारीत अशी दुसरी बांधील फेरी ठेवतात, निकाल फेब्रुवारीच्या मध्याला. तिथे मिळालं तर पहिल्या विद्यापीठातला डिफर झालेला अर्जही मागे घ्यावा लागतो. म्हणून ती फेरी ‘कुठेतरी पक्कं होऊ दे’ या घाबरटपणातून घेऊ नये. ते विद्यापीठ खरंच आवडतं आणि तिथला खर्च पेलवतो, या दोन्हींचं उत्तर हो असेल तरच घ्यावी. दुसरा प्रश्न, यादीत खात्रीची ठिकाणं आहेत का? काही राज्य विद्यापीठं अर्ज येतील तसे निकाल देत जातात. मुदत उघडी असेल तर अशा एखाद्या ठिकाणी अर्ज टाकावा. घरात एक होकार आला की मुलाचा चेहरा बदलतो, आणि उरलेले निबंधही बरे उतरतात. एक इशारा अकरावीच्या पालकांसाठी : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांना लवकरची फेरीच नसते आणि त्यांची मुदत नोव्हेंबरच्या शेवटाला संपते. डिसेंबरात डिफरल हातात आल्यावर त्यांची आठवण होऊन उपयोग नाही. ते अर्ज आधीच गेलेले असावेत.

जानेवारीचा पहिला आठवडा संपला, सगळे अर्ज गेले, की मग त्या विद्यापीठाकडे वळायचं. इथे हातात गोष्टी मोजक्या असतात.

पहिली, गुण. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण शाळा ‘मिडइयर रिपोर्ट’ म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पाठवते. डिफर झालेल्या मुलाच्या अर्जात नोव्हेंबरनंतर जी नवी भर पडते तिच्यातली सर्वांत वजनदार हीच. निकालाच्या धक्क्यानं नेमकं याच दिवसांत मुलांचं अभ्यासातलं मन उडतं. म्हणून पत्रापेक्षा आधी सत्राची परीक्षा. भारतात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी इथे जास्त जागरूक राहायला हवं. आपल्याकडे बऱ्याच शाळांत आणि ज्युनिअर कॉलेजांत वेगळा काउन्सेलर नसतो. मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षकच ते काम करतात. सहामाहीचे, पूर्वपरीक्षेचे गुण वेळेवर पाठवायचे असतात हे त्यांना नम्रपणे, तारखेसह सांगावं लागतं. आणि जेईई मेनच्या जानेवारीच्या सत्राचा, पुढे एमएचटी-सीईटीचा अर्ज भरून ठेवण्यात कमीपणा मानू नका.

दुसरी, ते पत्र. अजून आपल्याकडेच यायची इच्छा आहे असं कळवणारं पत्र. पण पाठवण्यापूर्वी विद्यापीठानं काय सांगितलंय ते शब्दशः वाचा. काही जण पोर्टलवर ठरावीक जागा देतात. एमआयटी, म्हणजे बोस्टनजवळची हं, आपली कोथरूडची नव्हे, डिफर झालेल्यांना फेब्रुवारीच्या सुमारास भरायला एक छोटा फॉर्मच देते. काही जण स्पष्ट लिहितात की गुणांखेरीज काही पाठवू नका. तिथे पाठवू नका. सांगितलेलं ऐकलं नाही, ही काही उत्साहाची खूण ठरत नाही.

आणखी एक उपयोगी गोष्ट. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता जाहीर करतात. त्यातल्या सी ७ या भागात प्रवेश देताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतो हे ते स्वतः सांगतात : गुण, निबंध, शिफारस, मुलाखत, आणि अगदी शेवटच्या ओळींत ‘अर्जदारानं दाखवलेला रस’. त्या ओळीसमोर ‘विचारात घेतला जात नाही’ अशी खूण असेल, तर पुन्हा पुन्हा कळवण्यात शक्ती घालवू नका. पत्र लिहिलंच तर नव्या माहितीसाठी लिहा. ‘महत्त्वाचा’ अशी खूण असेल तर पत्रात इच्छा स्पष्ट शब्दांत सांगा. ऐकीव गोष्टींपेक्षा हा तक्ता केव्हाही बरा, आणि तो फुकट आहे.

पत्र कसं असावं? एक पान, जास्त नाही. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जावं, कारण तोवर सत्राचे गुण हातात येतात. मुलानं स्वतः लिहावं. त्यात नवं काहीतरी असावं.

माझ्या मुलीनं पहिला मसुदा लिहिला तो सगळा स्तुतीचा होता. तुमचं आवार किती सुंदर, तुमचे प्राध्यापक किती थोर. तिच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी तो वाचून एवढंच विचारलं, ‘यातलं त्यांना काय माहीत नाही?’ ती परत आली आणि कोऱ्या कागदावर बसली.

नवं होतं, पण तिला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. आमच्या गावातून एक ओढा जातो. सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी ती त्याच्या पुलाखाली जाऊन पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. पाण्यात क्षार जास्त असले की ती वाढते. नोव्हेंबरच्या अर्जात तिनं एवढंच लिहिलं होतं की मोजायला सुरुवात केली आहे. मग जानेवारीच्या मध्याला बर्फ पडला. बर्फ पडला की तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे बर्फ वितळतो आणि गाड्या घसरत नाहीत. ते मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं. तिच्या वहीत चार महिने जवळपास सपाट चाललेली रेघ त्या आठवड्यात एकदम वर गेली. हे नवीन शोध नव्हतं, शास्त्रज्ञांना ते केव्हाचं माहीत आहे. पण आमच्या ओढ्याचे आकडे कुणाकडेच नव्हते. तिनं ते गावाच्या पर्यावरण समितीला ईमेलनं पाठवले आणि समितीनं तिला बैठकीत दहा मिनिटं बोलायला बोलावलं.

पत्र मग झालं असं. पहिल्या परिच्छेदात, माझा अर्ज डिफर झाला आहे, तुमचं विद्यापीठ अजूनही माझी पहिली पसंती आहे. दुसऱ्यात ओढा, मीठ, आकडे आणि समितीची बैठक. तिसऱ्यात सत्राचे गुण आणि या आकड्यांतून उठलेला एक प्रश्न, जो तिला त्यांच्या अमुक विभागात शिकून सोडवायचा होता. आणि आभार. बस. ‘पहिली पसंती’ हा शब्द खरा असेल तरच लिहावा आणि एकाच ठिकाणी लिहावा. चार ठिकाणी चार पहिल्या पसंत्या लिहायला मुलाला शिकवायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या मुलाकडे ओढा नाही. ओढा हवाच असं नाही. एक मुलगा दुकानात संध्याकाळची नोकरी करत होता, त्याला जानेवारीत वेळापत्रक लावायची जबाबदारी मिळाली. त्यानं तेच लिहिलं. एका मुलीनं धाकट्या भावाला गणित शिकवता शिकवता शेजारची तीन मुलं बसवली, तिनं ते लिहिलं. डिफरलनंतर घाईघाईनं नवी संस्था काढू नका, प्रमाणपत्रांच्या मागे धावू नका. जे चाललेलं आहे ते या दोन महिन्यांत किती पुढे गेलं, एवढंच सांगायचं. चाललेलंच काही नसेल, तर गुण आणि दोन प्रामाणिक परिच्छेदसुद्धा पुरतात.

तिसरी, जादा शिफारसपत्र. विद्यापीठ चालेल म्हणत असेल तर एक, आणि तेही ज्या शिक्षकांना या वर्षीचं काम माहीत आहे त्यांचं. आमदारांचं नको, कंपनीच्या उपाध्यक्षांचं नको, ज्यांनी मुलाला लग्नात एकदा पाहिलंय अशा कुणाचंही नको. आपल्याला वशिल्याची सवय आहे, मान्य आहे. पण ज्या पत्राला मुलाची माहिती नाही त्या पत्रातून वाचणाऱ्याला एकच माहिती मिळते, ती आपल्या धावाधावीची. पालकांनी प्रवेश कार्यालयाला फोन करणं, भेटवस्तू पाठवणं, हेही त्यातलंच. बोलायचंच असेल तर शाळेच्या काउन्सेलरनी बोलावं. काही वेळा काउन्सेलर विद्यापीठाशी बोलून अर्जात काही उणीव होती का हे विचारू शकतात. उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारण्याची योग्य वाट ती.

चौथी, एसएटी-एसीटी. गुण वाढण्यासारखे असतील आणि डिसेंबरात परीक्षा दिलेली असेल तर ते गुण पाठवा. मार्चच्या परीक्षेचे गुण बहुतेक ठिकाणी उशिराचे ठरतात. काही विद्यापीठं आता पुन्हा या परीक्षा सक्तीच्या करत आहेत. एमआयटीनं २०२२ मध्ये केली, हार्वर्डनं २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र हे गुण प्रवेशासाठी बघतच नाही. म्हणजे ‘सगळ्यांनी पुन्हा द्या’ किंवा ‘आता कुणी देऊ नका’ असे दोन्ही सरसकट सल्ले चुकीचे.

आणि इतकं झालं की थांबायचं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर हातात काही उरत नाही. दर आठवड्याला ईमेल पाठवणारं मूल विद्यापीठाच्या लक्षात राहतं, पण हवं त्या कारणानं नाही.

आता आमचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. मार्चअखेर त्या विद्यापीठानं नाही म्हटलं. पत्र चांगलं होतं, गुण चांगले होते, तरी नाही म्हटलं. कारण विचारायची सोय नसते. त्याच आठवड्यात आमच्या राज्य विद्यापीठाचा होकार हातात होता, तोच अर्ज, जो तिनं डिसेंबरच्या त्या तीन संध्याकाळी मोडून नव्यानं लिहिला होता. राज्यातल्या रहिवाशांची फी, काही शिष्यवृत्ती, आणि पर्यावरण अभियांत्रिकी. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. ओढ्याची वही ती बरोबर घेऊन गेली. गावातली एक नववीतली मुलगी आता दर रविवारी पुलाखाली जाते आणि आकडे तिला पाठवते.

मी हे ‘झालं ते बऱ्यासाठीच’ असं सांगण्यासाठी सांगत नाही. तिला तिथे जायचं होतं, मिळालं नाही, आणि त्याचं दुःख झालं. एप्रिलमध्ये ते शर्ट घातलेली मुलं दिसली की ती रस्ता बदलायची. ओळखीतल्या एकाला मात्र डिफर होऊन मार्चमध्ये प्रवेश मिळाला; त्यानंही पत्र असंच लिहिलं होतं. दोन्ही होतं. निकाल आपल्या हातात नव्हता. डिसेंबरचे दहा दिवस, पहिल्या सत्राची परीक्षा आणि एक पान, एवढं हातात होतं, आणि तेवढं तिनं केलं. त्यातल्या दहा दिवसांनी तिला कॉलेज मिळवून दिलं.

शेवटी फक्त आपल्यासाठी, पालकांसाठी दोन शब्द. हे तीन महिने मूल सतरा वर्षांचं असतं आणि घरात असतं. पुढच्या वर्षी नसतं. प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक हळदीकुंकवाला ‘काय मग, झालं का ॲडमिशन?’ हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर आपण द्यायचं, मुलाला द्यायला लावायचं नाही. ‘मार्चमध्ये कळेल’ इतकं पुरतं. दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी कॉलेजचं बोला, आणि बाकीच्या वेळी कशाचंही बोला. आमच्याकडे ती वेळ रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं होती, घड्याळ लावून.

आणि इथे बसलेल्या सरांना, बाईंना एक विनंती. तुमच्या हातून शिकलेल्या मुलांचीच मुलं आता तुमच्या पुढच्या पिढीतल्या शिक्षकांकडून शिफारसपत्रं मागतील. ‘हुशार, आज्ञाधारक, शिस्तप्रिय’ या तीन शब्दांऐवजी त्या मुलाबद्दलचा एक प्रसंग लिहा, असं त्यांना सांगा. तुम्ही आमच्याबद्दल तसे पंचवीस प्रसंग सांगू शकता, आणि त्यातले काही आज रात्री सांगणार आहात, याची आम्हाला थोडी धास्तीच आहे.

ज्यांच्या घरी ते पत्र आलंय त्यांनी चहाच्या सुट्टीत मला जरूर भेटा. आज २७ डिसेंबर. पाच जानेवारीला अजून नऊ दिवस आहेत. यादी बरोबर आणा, ओळीनं बघू.